सातबाऱ्यावर नसलेले कूळ

१९९०चा फेब्रुवारी असावा. सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाखेत मी तेव्हा शेतीकर्जाचा अधिकारी होतो. आदल्याच वर्षी सेवाक्षेत्र योजना सुरू झाली होती आणि आमच्या शाखेच्या वाट्याला वीसेक गावे आली होती. कर्जमाफीची हवा होती, त्यामुळे वसुलीला गेलेल्या माणसाला गावात चहा मिळे, पैसे मिळत नसत. अशाच एका सकाळी माळाच्या कडेला असलेल्या एका शेतात मी उभा होतो. शेताच्या मालकाला सगळा गाव अण्णा म्हणे, म्हणून मीही अण्णाच म्हणे.

अण्णांची पाच एकर रब्बी ज्वारी होती. मधली ज्वारी छातीच्या वर गेली होती, कणसे भरली होती. माळाकडच्या दहाबारा ओळी मात्र गुडघ्याएवढ्याच राहिल्या होत्या. शेजारच्या तुकड्यात हरभरा होता. म्हणजे हरभऱ्याचे बुडखे होते. अण्णांनी काही रडगाणे गायले नाही. वाकून ओल्या मातीतले दोन टोकांचे ठसे दाखवले आणि म्हणाले, "सायब, पेरलं म्या, खाल्लं हरणानं. आता व्याज कुणाला लावायचं ते तुमी बघा."

शाखेत परत येऊन मी फॉर्म भरायला बसलो. 'थकबाकीचे कारण' या सदराखाली अवर्षण, अतिवृष्टी, कीड, रोग, कुटुंबातील आजारपण असे पर्याय छापलेले होते. शेवटी 'इतर' होते. मी 'इतर'वर खूण केली. त्यापुढच्या नोकरीत ती खूण मी किती वेळा केली असेल याचा हिशेब नाही.

हे सगळे आज आठवण्याचे कारण म्हणजे एक सरकारी घोषणा. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने जाहीर केले की प्रधानमंत्री पीक विमा योजनेत वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीलाही संरक्षण मिळू शकेल, आणि त्याचा आरंभ २०२६च्या खरिपापासून होईल. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे किंवा विमा घटक, हे राज्यांनी ठरवायचे. नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत शेतकऱ्याने मोबाइलवरून, जागेची नोंद असलेल्या छायाचित्रांसह कळवायचे. 'इतर' या शब्दाला अखेर स्वतःचे सदर मिळाले. पण सदर मिळाले म्हणजे हिशेब जुळला असे नसते, हे बँकेत उमेदवारी केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

आधी हा खातेदार कोण, ते पाहू. आपण सरसकट ज्याला हरीण म्हणतो त्यात दोन घराणी आहेत. वनखात्याच्या कागदांत त्यांना 'सारंग' आणि 'कुरंग' अशी सुरेख नावे आहेत. चितळ, सांबर, भेकर हे सारंग. यांच्या नरांची शिंगे झडतात आणि पुन्हा येतात. काळवीट, चिंकारा, चौसिंगा आणि नावात गाय असलेली पण गाय नसलेली नीलगाय हे कुरंग. यांची शिंगे जन्मभराची. विदर्भात नीलगायीला रोही म्हणतात. शेतकऱ्याला या वंशावळीशी कर्तव्य नसते. पण कोण केव्हा येतो आणि कशासाठी येतो, हे या भेदावर बरेचसे ठरते. चितळ जंगलाच्या कडेला राहतो, अंधार पडला की शेतात उतरतो आणि पहाटे परततो. काळवीट हा उघड्या माळाचा जीव. तो दिवसाढवळ्या कळपाने चरतो. रोही या दोघांच्या मधला. थोडी झुडपे, थोडे मोकळे रान आणि शेजारी शेत असले की त्याला आणखी काही नको.

हे शेतात येतातच का? "जंगलात खायला उरले नाही म्हणून," असे उत्तर आपण शहरात बसून देतो. ते अर्धेच खरे आहे. जंगलात भरपूर चारा असतानाही चितळ सोयाबीनमध्ये उतरतात, कारण सोयाबीनचे पान त्यांना अधिक परवडते. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या दृष्टीने अन्नाचे मोल दोन गोष्टींवर ठरते. त्यात प्रथिने किती आणि चोथा किती. माळावरचे गवत पावसाळा सरला की वाळते आणि चोथ्याचा भाग वाढतो. नेमके तेव्हा शेतात हरभरा, गहू, करडई, ज्वारी कोवळी असते. पाणी दिलेले असेल तर अधिकच कोवळी. शिवाय माणसाने हजारो वर्षे निवड करून आपल्या पिकांतला कडवटपणा, काटे, विष हे सारे कमी करत आणले. आपल्या जिभेसाठी जे केले ते हरणाच्याही जिभेला सोयीचे झाले. मोकळ्या रानात दिवसभर हिंडून जे मिळते ते बांध ओलांडला की तासाभरात मिळते, आणि जितका वेळ चरण्यात कमी जाईल तितका धोका कमी. कोणत्याही सावकाराला पटेल असा हा व्यवहार आहे.

दुसरे कारण आसऱ्याचे. याची चर्चा आपण फारशी करत नाही. उंच वाढलेली तूर, ज्वारी, ऊस हे हरणाच्या दृष्टीने पीक नव्हेच, ते रान आहे. विदर्भात नोव्हेंबरपासून तुरीच्या शेतात रोही दिवसभर बसून राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला शिंगाचे टोकही दिसत नाही. त्याच्या मुक्कामाची खूण असते ती ठरावीक जागी साचलेल्या लेंड्यांच्या ढिगाची, कारण हा प्राणी पुन्हापुन्हा त्याच जागी येऊन लेंड्या टाकतो. उसाने काय केले ते जुन्नरकरांना विचारावे. तिथे बिबट्यांच्या पिढ्या उसात जन्मल्या आणि उसातच वाढल्या.

काळवीट एरवी दाट आडोसा टाळतो. त्याची सारी भिस्त नजरेवर आणि पायांवर. ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास धावणाऱ्या जनावराला लपण्याची गरज काय? पण हाच काळवीट जन्मल्यानंतरचे पहिले काही दिवस धावू शकत नाही. आई त्याला उंच गवतात लपवून दूर चरायला जाते आणि पाजायला तेवढी परत येते. पाडस हलत नाही, आवाज करत नाही. माळावर गवत उरले नसेल तर ही लपवण्याची जागा कोणती? ज्वारीचे शेत.

अण्णांच्या शेतात त्याच सकाळी दुसऱ्या टोकाला काढणी चालली होती. बायकांच्या ओळीत एकदम गलका झाला आणि थांबला. आम्ही गेलो तर ताटांच्या मधोमध मातीच्याच रंगाचे एक पाडस मान जमिनीला टेकवून पडले होते. डोळे उघडे. अण्णांच्या कारभारणीने पदर खोचला आणि एवढेच सांगितले, की तेवढी पाथ राहू द्या, हात लावू नका, माणसाचा वास लागंल. काढणी पुढे सरकली. दुपारी सगळे शेत मोकळे झाले आणि मधे खोलीभर ज्वारी तशीच उभी राहिली. ज्या हरणांनी हरभरा फस्त केला त्यांच्याच पोराला राखलेली ती ज्वारी होती. त्या बाईला त्यात काही विसंगत वाटले नाही. मला वाटले, आणि ते मी घरी येऊन टिपून ठेवले. कादंबरीकाराची सवय.

मात्र माझ्या टिपणात एक गोष्ट नव्हती. ती पुष्कळ वर्षांनी सुचली. हरणे अण्णांच्या शेतात आली होती की अण्णांचे शेत हरणांच्या घरात गेले होते?

त्या काळात आमच्याकडे कर्जाचे जे अर्ज येत त्यात विहीर, वीजपंप, पाइपलाइन आणि जमीन सपाटीकरण यांचा मोठा भाग असे. पुनर्वित्त मिळे, उद्दिष्टे ठरलेली असत. मुरमाड माळाचा तुकडा, त्यावर कुसळी गवत, मधे एखादी बोर किंवा हिवर. आम्ही त्याची नोंद 'पडीक' अशी करायचो. हा शब्द आम्ही शोधला नव्हता. इंग्रजी अमदानीपासून महसुलाच्या दृष्टीने जी जमीन सारा देत नाही ती पड. पुढे देशाच्या नकाशांतही गवताळ प्रदेशांचा मोठा भाग 'पडीक जमीन' या रंगाने रंगवला गेला. कोठे त्यावर गिरिपुष्प, सुबाभूळ लावले, कोठे बांध घालून ज्वारी आणली. उजनीचे पाणी आले तिथे ऊस आला. मी मंजूर केलेली ती कर्जे चुकीची होती असे मी म्हणणार नाही. त्यातून पोरे शिकली, पत्र्याची घरे स्लॅबची झाली. पण ज्या जमिनीला मी पडीक म्हणून सही केली ती पडीक नव्हती. तिच्यावर काळवीट, चिंकारा, खोकड, लांडगा आणि माळढोक अशी कुळे नांदत होती. सातबाऱ्यावर त्यांचे नाव नव्हते इतकेच.

यातला विरोधाभास पाहायचा असेल तर नान्नजला जावे. हे गाव दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे, माळढोक आणि द्राक्षे. १९७९ मध्ये या भागात माळढोक अभयारण्य जाहीर झाले तेव्हा त्याचा विस्तार साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होता. त्यात तालुकेच्या तालुके, गावे, शेते, बाजारपेठा सारे आले. स्वाभाविकच जमिनीच्या व्यवहारांत अडचणी आल्या आणि लोकांचा रोष पक्ष्यावर निघाला. पुढे ते क्षेत्र कमी करून बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणले. आज माळढोक दिसला तर बातमी होते. काळवीट मात्र टिकला, कारण त्याने शेताशी जमवून घेतले. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) कर्जत तालुक्यातले रेहेकुरी अभयारण्य १९८० पासून खास काळविटांसाठी आहे. क्षेत्रफळ जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत काळविटांचे कळप आयुष्यभर कसे राहतील? ते राहत नाहीतच. आजूबाजूची शेते हा त्या अभयारण्याचा न जाहीर केलेला भाग आहे, आणि त्याचा खर्च आजूबाजूचे शेतकरी देतात.

हा खर्च केवळ खाल्लेल्या पिकाचा नसतो. जागलीला बसलेल्या माणसाची झोप त्यात असते. माळ्यावर थंडीत काढलेल्या रात्री, गोफण, डबे, फटाके, शेताभोवती बांधलेल्या जुन्या साड्या, हे सगळे त्यात येते. रात्रभर जागलेला माणूस दुसऱ्या दिवशी मजुरीला जाऊ शकत नाही. काही जण कुंपणात थेट वीज सोडतात. तो गुन्हा आहे, आणि त्यात हरणे, डुकरे, कधी वाघ, कधी शेजारचाच माणूस मरतो. पण त्याहून मोठा आणि कागदावर कधीच न येणारा खर्च आहे तो सोडून दिलेल्या पिकांचा. जंगलकडेच्या कित्येक गावांत लोकांनी हरभरा, भुईमूग, मूग लावणे सोडले. पूर्वी ज्वारी-हरभऱ्याच्या कडेने करडईच्या काटेरी ओळी पेरत, गुराढोरांनी आणि हरणांनी आत शिरू नये म्हणून. करडईचे क्षेत्र राज्यात कमालीचे घटले आणि ते जिवंत कुंपणही गेले. जे पेरलेच नाही त्याची भरपाई कोणत्या पंचनाम्यात मिळणार?

पंचनाम्याची गंमत याहून पुढची आहे. हरभऱ्याचे शेंडे खुडले की फांद्या फुटतात, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. खुडलेल्या शेंड्यांची भाजी घरोघर होते. म्हणजे लहान असताना हरणाने शेंडे खाल्ले तर पीक कदाचित सावरेल. फुलावर, घाट्यावर आल्यावर खाल्ले तर सावरणार नाही. पंच येतात तेव्हा त्यांना दिसते ते त्या दिवशीचे शेत. आठ दिवसांपूर्वी खाल्लेले रोप एव्हाना वाळून गेलेले असते, आणि नाहीशा झालेल्या रोपाची मोजणी करता येत नाही. पुण्याचे जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाच्या पश्चिम सीमेवरच्या शेतांचा अभ्यास करून २०१६ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याचा सार असा, की डोळ्यांना दिसणाऱ्या नुकसानीपेक्षा उत्पन्नातली खरी घट बरीच जास्त असते, आणि जंगलापासून जसजसे दूर जावे तसतसे उत्पन्न वाढत जाते. डोळ्यांनी अंदाज घेऊन भरपाई ठरवायची तर शेतकरी नेहमी कमी पडणार. आणि ती मिळवण्यासाठी त्याला जे हेलपाटे पडतात त्यात पुन्हा मजुरी बुडते. म्हणून अनेक जण अर्जच करत नाहीत. मग कागदोपत्री नुकसान कमी दिसते, आणि नुकसान कमी आहे असे आपण समजतो.

मग गोळी हा उपाय आहे का? १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला सर्वोच्च संरक्षण दिले आणि ते योग्यच होते, कारण त्याआधी त्याची बेसुमार शिकार झाली होती. त्याच कायद्यात पिकांना धोका असेल तर काही प्राण्यांना मारण्याची परवानगी देण्याची तरतूदही आहे. २०१६च्या जूनमध्ये बिहारात मोकामा परिसरात दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या गेल्या आणि केंद्रातल्याच दोन मंत्र्यांमध्ये जाहीर वाद झाला. महाराष्ट्रातही रोही आणि रानडुकरांसाठी परवानगीची वाट काढून दिलेली आहे. पण बंदूक कोणाकडे आहे, परवाना केव्हा मिळणार, रात्री तुरीत बसलेला रोही नेम धरू देणार का? आणि समजा दहा मारले, तरी ज्या कारणाने ते आले ते कारण शेतात उभेच असते. मध्य प्रदेशाने २०२५च्या ऑक्टोबरमध्ये निराळा प्रयोग केला. शाजापूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत हेलिकॉप्टरने कळप हाकलून नरसाळ्याच्या आकाराच्या कुंपणात आणले आणि नऊशेच्या आसपास काळवीट व नीलगायी अभयारण्यांत हलवल्या. कामगिरी कौतुकाची आहे. पण हा उपाय गावोगाव, दरवर्षी करण्याजोगा नव्हे. शिवाय न्यायला जागा हवी. आमच्या सोलापूरच्या काळविटाला न्यायचे तर कोठे? त्याची जागा होती ती माझ्या सहीने लागवडीखाली गेली.

म्हणून विम्याकडे मी आशेने पाहतो, आणि थोड्या धास्तीनेही. विमा हा अचानक येणाऱ्या संकटाचा असतो. गारपीट एका वर्षी येते, दुसऱ्या वर्षी येत नाही. हरीण दररोज येते. रोज होणारी घट आणि अचानक येणारी आपत्ती यांना एकाच तागडीत तोलता येत नाही. ७२ तासांत कळवायचे म्हणजे कोणत्या रात्रीपासून मोजायचे? छायाचित्रात दिसते ते मोडलेले ताट. न दिसणारी घट दिसत नाहीच. दुसरीकडे खोट्या दाव्यांचा प्रश्नही मी नाकारत नाही. एक रुपयात पीकविमा ही आपल्या राज्याची योजना २०२३ मध्ये सुरू झाली आणि गैरप्रकारांच्या तक्रारींनंतर २०२५च्या खरिपापासून बंद झाली, हे ताजे उदाहरण आहे. खऱ्या शेतकऱ्याला खोट्याचा दंड होऊ नये अशी रचना करणे, हे खरे कौशल्याचे काम.

वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळी वाट सुचवली आहे आणि बँकेतल्या माणसाला ती मोह घालते. नुकसान मोजूच नका, उत्पन्न मोजा. जंगलापासून दूरच्या शेतात जे पिकते आणि कडेच्या शेतांत जे पिकते त्यातली सरासरी तफावत सगळ्या कडेच्या शेतकऱ्यांना द्या. आणि त्यातही ज्याने मेहनत करून जास्त पिकवले त्याला जास्त द्या. मग नुकसान वाढवून सांगण्यात फायदा उरत नाही, राखण करण्यात उरतो. यात अडचणी असतीलच. पण हिशेबाची दिशा मला बरोबर वाटते. हरीण ही देशाची संपत्ती आहे असे आपण मानतो. ठीक आहे. मग मालमत्ता देशाच्या खात्यात आणि तिच्या देखभालीचा खर्च अण्णांच्या खात्यात, असा ताळेबंद कोणता लेखापरीक्षक मान्य करील?

भरपाईच्या जोडीला माळही परत हवा. जे गायरान, जे कुरण अजून शिल्लक आहे त्यावर झाडे लावण्याचा उत्साह आवरला पाहिजे. गवत हेच तिथले जंगल आहे. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळला वनखात्याने गवताळ रानाची सफारी सुरू केली आहे. चिंकारा आणि लांडगा पाहायला लोक पैसे मोजून येतात. त्या पैशाचा वाटा कडेच्या शेतापर्यंत पोचला तर शेतकऱ्याच्या दृष्टीने हरणाचे रूप पालटेल. गवत राहिले म्हणजे शेतात हरीण येणार नाही, असे मात्र कोणी समजू नये. कोवळा हरभरा दिसला की ते येणारच. पण पाडस ठेवायला तरी तिला ज्वारी शोधावी लागणार नाही.

मागच्या हिवाळ्यात मी त्या गावी गेलो होतो. अण्णा नाहीत. त्यांचा मुलगा आता पन्नाशीचा आहे. त्याची दोन एकर द्राक्षबाग आहे, सौर कुंपणाच्या आत. हरभरा त्याने कधीच सोडला. घरच्या भाकरीपुरती ज्वारी तेवढी माळाच्या बाजूला अजून पेरतो, कुंपणाबाहेर. का, असे मी विचारले नाही. विम्याची बातमी त्याने वाचली होती. मोबाइल हातात घेऊन तो म्हणाला, "काका, बँकेत होता म्हणून इच्यारतो. फोटू कुणाचा काढायचा? हरणाचा का ज्वारीचा?"

मी त्याला सांगितले, दोन्हींचा काढ.

"एका फोटूत यायला ते उभं राहाय पायजे की," तो हसून म्हणाला आणि आम्ही बांधावरून घराकडे निघालो. माळाकडच्या ओळी तेव्हाही गुडघ्याएवढ्याच होत्या.